थंडी कोणाला मानवली नाही

डिसेंबर अर्धा सरला की कोथरूडमध्ये पहाटेच्या हवेला धुराचा वास येतो. सोसायट्यांचे वॉचमन फाटकापाशी पाचोळा पेटवून हात शेकत बसतात. टेकडीवर फिरायला जाणारी माझ्या वयाची मंडळी कानटोप्या आणि मफलर चढवून एकमेकांना ओळखू येईनाशी होतात, आणि दहा-अकरा अंशांच्या गारठ्याबद्दल सियाचीनवरून आल्यासारखी बोलतात. मंडईत मटार स्वस्त होतो. गाजरं लाल होतात. सकाळी उशिरापर्यंत ऊन कोवळंच राहतं आणि ते आमच्या स्वयंपाकघरात ओट्यापर्यंत येतं. त्या उन्हात माझी पत्नी सुजाता मेथी निवडत बसलेली असते. अंगात स्वेटर नसतो, पाय उघड्या फरशीवर असतात. तिला थंडी वाजत नाही. कधीच वाजत नव्हती.

हे वाक्य साधं दिसतं. पण आमच्या नातेवाइकांपैकी कोणी हे वाचत असेल तर तो इथं थबकेल. कारण आमच्या घराण्यात एक गोष्ट पक्की होऊन बसलेली आहे. मला सैन्यानं दोन वर्षांसाठी इंग्लंडला पाठवलं होतं, पण सुजाताला तिथली थंडी मानवली नाही, आणि म्हणून बिचाऱ्या मला सगळं अर्धवट सोडून वर्षाच्या आतच परत यावं लागलं, अशी ती गोष्ट. लग्नाच्या पंगतीत, बारशाला, कोणाच्या पुण्यस्मरणालासुद्धा ती सांगितली गेली आहे. ती खोटी आहे. ती माझ्या तोंडून निघाली आणि ओझं सुजातानं वाहिलं. मी आता पंच्याहत्तरीकडे झुकलो आहे. ती गोष्ट आमच्यामागे तशीच शिल्लक राहू नये, एवढ्यासाठी हे लिहितो आहे.

ते नव्वदीच्या दशकाचे सुरुवातीचे दिवस. आपल्याकडे बाजार नुकते उघडले होते. परदेशी जाणं अजून वर्तमानपत्रात फोटो छापून येण्यासारखं होतं. दोन देशांची सैन्यं कधीकधी आपापला एकेक अधिकारी अदलाबदलीनं एकमेकांकडे पाठवतात. त्यांचा एक मेजर इकडे आला, मी तिकडे गेलो. मी इंजिनिअर अधिकारी. काम शिकवण्याचं होतं, नद्यांवर लष्करी पूल कसे टाकायचे ते. गणवेश आपला, घर मात्र त्यांच्या छावणीत. बरोबर सुजाता आणि आठ-नऊ वर्षांची आमची मुलगी प्रज्ञा.

निघायच्या आधी खडकीला, आमच्या वस्तीतल्या विहारात वंदना झाली. माझे वडील तिथल्याच कारखान्यात आयुष्यभर कामगार होते. त्यांच्या बरोबरीचे म्हातारे लोक इस्त्रीचे पांढरे शर्ट घालून आले होते. मला चड्डीत पाहिलेली ती माणसं "जय भीम, साहेब" म्हणत होती आणि हसत होती. वडील प्रत्येकाला एकच वाक्य सांगत होते, "साहेबाच्या देशात साहेबाला शिकवायला चाललाय माझा पोरगा." ते वाक्य मी सामानाबरोबर घेऊन गेलो. विमानतळावर त्याचं वजन कोणी केलं नाही, पण पुढे सगळ्यात जड तेच निघालं.

तिथली थंडी मला अजून अंगावर आठवते, ती अशी. सकाळी गाडीच्या काचेवर गोठलेली पांढरी साय, आणि ती खरवडण्याचा कर्कश आवाज. ओल्या लोकरीचा वास. चुलीशिवाय गरम होणाऱ्या घरात भिंतीतून येणारी नळांची गुरगुर. बाथरूममध्येसुद्धा गालिचा, त्याचं आम्हाला किती हसू आलं होतं! दुपारी चारला अंधार. अंधार म्हणजे संध्याकाळसुद्धा नाही, सरळ अंधार. आपल्याकडे दिवस मावळतो. तिथं तो कोणी उचलून नेल्यासारखा नाहीसा व्हायचा.

घर ताब्यात देताना त्यांचा एक माणूस वही घेऊन आला आणि त्यानं खोली न् खोली दाखवली. जाताना घर असंच चकचकीत परत द्यायचं, असा तिथला कडक रिवाज. तो दारांच्या वरच्या कडांवरून बोट फिरवून धूळ तपासत होता. सुजाता त्याच्यामागून चालत होती. त्यानं सोडलेल्या एका पडदापट्टीवरून तिनं बोट फिरवलं, ते काळं बोट त्याच्यासमोर धरलं आणि पुस्तकी इंग्रजीत म्हणाली, "महाशय, ही धूळ तुमची आहे. आम्ही अजून आलो नाही." तो माणूस इतका हसला की त्यानं दुसऱ्या दिवशी बायकोला घेऊन येऊन ओळख करून दिली.

सुजाताचं इंग्लंड असं सुरू झालं. ती कोथरूडच्या एका मराठी शाळेत शिक्षिका होती आणि बिनपगारी रजा घेऊन आली होती. प्रज्ञाला शाळेत सोडायला जायची. तिथं आयांनी शाळेत येऊन मुलांचं वाचन ऐकायची पद्धत होती. हेडबाईंनी हिला विचारलं, ही हो म्हणाली. वाचनात मागे पडलेली चार-पाच मुलं तिच्याकडे येत. मुलं अडखळली की ही थांबायची, पुढचा शब्द सुचवायची नाही. घरी येऊन मला सांगायची, "अहो, तो लालकेस्या मुलगा आज पूर्ण पान वाचून गेला. आणि जाताना माझे दोन उच्चार सुधारून गेला!" अधिकाऱ्यांच्या बायकांच्या कॉफीच्या बैठकीला ती बटाटेवडे घेऊन गेली, आणि पुढच्या बैठकीला त्या सगळ्या तिच्या स्वयंपाकघरात हिरव्या मिरच्या चिरत डोळे पुसत उभ्या होत्या. शेजारच्या मार्गारेटनं तिला गाडी चालवायला शिकवलं. छावणीतल्या रिकाम्या मैदानात, बर्फाच्या पातळ थरावर, आमची जुनी निळी गाडी गरगर फिरायची आणि आतून दोन बायकांचं हसणं ऐकू यायचं. एप्रिलमध्ये तिची परवान्याची परीक्षा होती.

आणि मी?

मला कोणी वाईट वागवलं नाही, हे आधी स्वच्छ सांगितलं पाहिजे. उलट सगळे फार चांगले होते. दहा वाजता चहाची सुट्टी व्हायची. सगळे शिक्षक कपबशी घेऊन उभ्यानं गप्पा मारत, एकमेकांची भराभर टिंगल करत. मला प्रत्येक विनोद कळायचा, पण जरा उशिरा. तोवर बाकीचे हसून पुढच्या विनोदावर गेलेले असत. मी एकटाच मागून हसत राहायचो. आपल्याकडे मी शंभरावर जवानांच्या कंपनीचा प्रमुख होतो. कोणाच्या बहिणीचं लग्न, कोणाच्या शेताचा वाद, कोणाचा तंबू गळतो, सगळं माझ्यापर्यंत यायचं. तिथं वर्ग संपला की माझी कोणालाच गरज नसे. मी पुलाची गणितं शिकवायचो, ते वहीत उतरवून घ्यायचे, आभार मानायचे आणि आपापल्या घरी जायचे.

संध्याकाळी घरापाशी आलो की मी गाडी बंद करायचो आणि आतच बसून राहायचो. समोर आमच्या खिडकीत पिवळा दिवा, प्रज्ञाची सावली, फोडणीचा वास अगदी गाडीपर्यंत. पण उतरायला पाय उचलत नसे. आत जाऊन आनंदी दिसायचं म्हणजे आणखी एक तास गणवेश घालण्यासारखं होतं. एकदा काचेवर टकटक झाली. सुजाता शाल गुंडाळून उभी होती. काच खाली केल्यावर म्हणाली, "अहो, घरात या. गाडीत काय पलटण बसलीय का?" मी हसलो. ती हसली नाही. तिनं दार उघडून धरलं आणि मी उतरेपर्यंत तशीच उभी राहिली. नंतर ती रोजच येऊ लागली. मला वाटायचं, तिला काही कळलेलं नाही.

जानेवारीत आपल्या वकिलातीतले एक वरिष्ठ अधिकारी माझं काम पाहायला आले. भला माणूस. चहा घेता घेता त्यांनी विचारलं, "घरचे कसे आहेत? रमले का?"

इथं आमच्या सैन्यातली एक रीत सांगायला हवी. वरिष्ठ कधी 'तू कसा आहेस' असं विचारत नाहीत, 'घरचे कसे आहेत' असं विचारतात. आणि कोणाला काही सांगायचं असेल तर त्यानं ते घरच्यांच्याच नावानं सांगायचं असतं. गावाकडे आई आजारी असली की जवानाला रजा मिळते. त्याचं स्वतःचं मन आजारी असलं तर त्यासाठी रजेचा रकाना नाही. कंपनीत असताना अशा कितीतरी आजारी आयांसाठी मी रजा दिल्या होत्या. आई ठणठणीत आहे आणि समोरचा पोरगा आतून मोडलाय, हे मला दिसत असे. मी सही करायचो, तो सलाम ठोकायचा, आणि दोघांची अब्रू राहायची.

म्हणून माझ्या तोंडून आलं, "सर, सुजाताला इथली थंडी मानवत नाही. छाती भरते."

छाती भरते हे कुठून आलं, मला आजही ठाऊक नाही. साहेबांनी बशीत कप ठेवला, माझ्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, "काळजी करू नकोस. मी बघतो." माझी ही 'आजारी आई' त्यांनी ओळखली की नाही, कोण जाणे. त्यांनी शब्द पाळला, आणि पुढच्या हालचाली भराभर झाल्या.

दोन दिवसांनी दुपारी घरी फोन वाजला. सुजातानं घेतला. साहेबांच्या पत्नी बोलत होत्या. मी समोरच बसलो होतो. सुजाता थोडा वेळ ऐकत राहिली. मग माझ्याकडे बघत, एकही शब्द न चुकता म्हणाली, "हो मॅडम. रात्री जास्त होतं. आता बरं आहे. थँक यू मॅडम." फोन ठेवला. गॅसवरचं दूध उतरवलं. मग शांतपणे म्हणाली,

"मला काय झालंय ते नीट सांगून ठेवा. पुन्हा फोन आला तर चुकायला नको."

"छाती," मी म्हणालो.

"खोकू का मग?"

ती माझ्यासमोर येऊन बसली आणि तिनं हळूच विचारलं, "आणि तुम्हाला काय झालंय?"

मी मान खाली घातली. तिनं दोन्ही हातांनी माझा हात धरला. तिच्या हातांना कांद्याचा वास होता आणि ते उबदार होते. "बरं," ती म्हणाली. "जाऊ आपण."

हेडबाई म्हणत होत्या, निदान उन्हाळ्यापर्यंत थांबा, मुलांना तुमची सवय झाली आहे. सुजातानं छातीवर हात ठेवून त्यांना तब्येतीचं सांगितलं. तो हात तिनं ज्या तऱ्हेनं ठेवला, त्यात खोटं काही नव्हतं असं मला आता वाटतं. मार्चमध्ये आम्ही निघालो. घर तपासायला तोच माणूस आला. तिनं भट्टी, म्हणजे स्वयंपाकघरातला ओव्हन, इतकी घासली होती की त्यानं वही न उघडताच सही केली.

पुण्यात उतरलो तेव्हा उन्हाळा लागला होता. माझा मोठा भाऊ, दादा, आम्ही घरात पाऊल टाकायच्या आधीच म्हणाला, "काय सुजाता, आमच्या भावाचं इंग्लंड बुडवलंस की!" सगळे हसले. ती म्हणाली, "थंडी फार होती हो दादा." मीही हसलो. माझ्या मनाला जे टोचतं ते हे. साहेबांसमोर जे बोललो ते एका अडचणीत सापडलेल्या माणसाचं बोलणं होतं, ते मी स्वतःला केव्हाच माफ केलं असतं. पण हसणं मी दरवर्षी हसलो. "सुजाताला महाबळेश्वरला नेऊ नका रे, परत यावं लागेल." हसलो. "वहिनी, फ्रीज उघडताना शाल घ्या." हसलो. बढती मिळाली, कर्नल झालो, निवृत्त झालो. एखाद्या समारंभात कोणी म्हणायचं, "तिकडे पूर्ण दोन वर्षं झाली असती तर साहेब आणखी वर गेले असते," आणि मी नम्रपणे मान हलवायचो. सुजाता पलीकडे पानं वाढत असायची.

वडील मात्र तिला कधी बोलले नाहीत. त्यांना ती खरोखर आजारी होती असंच वाटत होतं. थंडी सुरू झाली की ते खडकीहून बसनं कोथरूडला यायचे, आणि पिशवीतून सुंठ-गुळाच्या वड्यांचा डबा काढायचे. स्वतः केलेल्या. "रोज एक खा गं पोरी, छातीला बरी." सुंठ तिला अजिबात आवडत नाही. तरी ती त्यांच्यादेखत खायची, माझ्यादेखत खायची, आणि म्हणायची, "छान झाल्यात मामंजी." ते गेले त्या वर्षीच्या हिवाळ्यापर्यंत डबा येत राहिला.

दरम्यान पुणं आमच्या डोळ्यांदेखत बदललं. टेकडीच्या पोटाशी इमारती चढल्या. आम्ही तिकडून बॅगेतून आणलेली चॉकलेटं कोपऱ्यावरच्या किराणा दुकानात बरणीत दिसू लागली. सकाळी गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली मुलं कंपन्यांच्या बसची वाट बघत रांगेनं उभी राहू लागली, आणि एक दिवस त्या रांगेत आमची प्रज्ञाही उभी राहिली. ती खराडीला एका सॉफ्टवेअर कंपनीत लागली, तिथंच मोठी होत गेली. अमोलशी लग्न झालं, मुलगा झाला. सोसायटीतल्या निम्म्या घरांची मुलं परदेशी गेली. आता तिकडे जाणं नाशिकला जाण्यासारखं झालं आहे. प्रज्ञा मात्र कधी गेली नाही. तिच्या कंपनीनं आधी दोनदा विचारलं होतं, हे मला फार उशिरा कळलं.

मागच्या हिवाळ्यातला रविवार. ती एकटीच आली होती. सुजाता स्वयंपाकघरात खाली सतरंजीवर मटार सोलत होती, कुकर चढवलेला होता. मी वर्तमानपत्र घेऊन दाराशी उन्हात. प्रज्ञा आईच्या समोर मांडी घालून बसली आणि शेंगा फोडता फोडता म्हणाली, "आई, ऑनसाइट आलंय. इंग्लंड. दोन वर्षं. अमोल म्हणतो, जाऊ या."

"मग जा की," सुजाता म्हणाली.

"तुला म्हणायला काय जातंय! मला टेन्शन आलंय. माझी बॉडी तुझ्यासारखीच आहे. दर डिसेंबरला माझाही घसा धरतो. सगळं इथलं बंद करून जायचं आणि सहा महिन्यांत तुझ्यासारखं परत यायचं म्हणजे... अमोलच्या घरचे काय म्हणतील? तुला अजून बोलतात सगळे. मी नाही म्हणून कळवते उद्या."

"तुझ्या घशाचा आणि माझा काही संबंध नाही."

"अगं, तूच तर म्हणायचीस, थंडी—"

"मी एवढंच म्हणायचे की थंडी फार होती. मानवली नाही, असं मी कधीच म्हटलेलं नाही. ते लोक म्हणायचे."

एवढं बोलून ती पुन्हा मटार सोलू लागली. तिनं माझ्याकडे पाहिलं नाही. आणि मला कळलं, ती सांगणार नाही. पोरीचं जाणं राहिलं तरी चालेल, पण माझ्यावरचं पांघरूण ती काढणार नाही. वर्तमानपत्र माझ्या हातात तसंच होतं.

"प्रज्ञा," मी म्हणालो, "तुझ्या आईला तिथं काहीही झालं नव्हतं. मला झालं होतं."

"तुम्हाला? काय?"

"मला तिथं राहवत नव्हतं. एकटं वाटायचं. आईचं नाव पुढे करून मी परत आलो."

ती माझ्याकडे बघतच राहिली. "बाबा, तुम्ही लडाखमध्ये राहिलात! बंकरमध्ये!"

"तिथं पलटण होती."

मग ती हळूच म्हणाली, "तुम्ही संध्याकाळी गाडीत बसून राहायचात. मी खिडकीतून बघायचे. मला वाटायचं, बाबा रेडिओ ऐकतायत. आई म्हणायची, ऐकू दे त्यांना, गाणं संपलं की मी घेऊन येते."

तेव्हा माझे डोळे भरून आले. सुजातानं ते पाहिलं आणि पुणेरी बाई ती, लगेच म्हणाली, "आता इतक्या वर्षांनी कशाला उकरून काढता? मला आजारी असायची छान सवय झाली होती. कोणी माथेरानला चला म्हणत नव्हतं."

प्रज्ञा हसली, मग रडली, मग पुन्हा हसली. यंदाचा पावसाळा संपता संपता ती, अमोल आणि मुलगा, तिघं गेली. आता व्हिडिओवर काच खरवडल्याचा आवाज ऐकवते. हे लिहिण्याआधी मी सुजाताला विचारलं. म्हणाली, "लिहा. पण माझं कौतुक फार नको. भट्टीचं लिहा."

पण त्या रविवारी, डोळे पुसून झाल्यावर, प्रज्ञानं आईला एक प्रश्न विचारला. इतक्या वर्षांत तो मी विचारला नव्हता, आमच्यापैकी कोणीच विचारला नव्हता.

"आई, तुला तिथं काय आवडायचं?"

सुजाता जरा गोंधळली. हातातली शेंग तशीच राहिली. मग म्हणाली, "सकाळी तुला शाळेत सोडलं की परत येताना वळणावर एक बाक होता. चर्चच्या भिंतीला लागून. त्यावर मी बसायचे. काही करायचे नाही हं. नुसतं बसायचे. इथं मी कोणाची सून, कोणाची शाळेतली बाई, कोणाची मेमसाहेब. तिथं येणारा-जाणारा नुसता 'मॉर्निंग' म्हणून जायचा. नाकाचा शेंडा गार पडायचा, आणि मला इतकं बरं वाटायचं..."

त्या वळणावरून मी दुपारच्या जेवणाला घरी येत असे. त्या बाकापाशी गाडीचा वेग कमी करावा लागायचा. मला तो बाक चांगला आठवतो. त्यावर कोणी बसत असेल, असं माझ्या मनात कधी आलं नव्हतं.

ती सांगत राहिली. कुठल्या बाईचा कुत्रा तिच्या शालीत नाक खुपसायचा, लालकेस्या मुलानं शेवटच्या दिवशी काय विचारलं, बर्फावर गाडी कशी गरगर फिरली. तिचा आवाज मला ओळखीचा वाटेना, तरुण होता. कुकरच्या दोन शिट्ट्या झाल्या, तिसरी येऊ लागली. तिचं बोलणं मोडू नये म्हणून मी आवाज न करता उठलो आणि गॅस बंद केला.